पुंजाराम हेड्या आणि अडून बसलेला राउटर

माझ्या मामाला इंग्रजीची एकूण अकरा अक्षरं येतात, आणि त्यातली आठ त्यानं वायरीच्या खोक्यावरून उचलली आहेत. माझ्याकडे मात्र कॉम्प्युटर नेटवर्किंगचा डिप्लोमा आहे. जालन्यात मस्तगडच्या माझ्या दुकानात तो काचेच्या फ्रेममध्ये लटकतोय, खाली ठळक अक्षरात नाव, बद्रीनाथ अमुकतमुक. या गोष्टीत ज्यानं माती खाल्ली तो मी आणि ज्यानं निस्तरलं तो मामा, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला धीर होणार नाही.

पुंजाराम मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गाव जाफराबाद तालुक्यातलं. अडुसष्ट साली, मिसरूड फुटत होतं तेव्हाच तो हेड्या झाला. हेड्या म्हणजे बैलबाजारातला दलाल. आजोबांना वाटायचं पोरगं शेती बघेल, पण याला घरच्या शेतापेक्षा परक्याच्या बैलाचे दात बघण्यात रस. बाजारात खांद्यावर रुमाल टाकून हिंडायचा, बैलाचा जबडा उघडायचा, खुरं बघायचा, वशिंडावर थाप मारायचा आणि मालकाला तोंडावर सांगायचा, "पाटील, बैल जवान हाये. तुमचंच वय झालं, तुमच्यानं आवरत न्हाई." पाटील शिव्या द्यायचे आणि बैल त्याच्याच हातून विकायचे.

दलाली सगळेच करायचे. मामाचं नाव होतं ते जोड लावण्यात. एखाद्याचा एक बैल थकला किंवा मेला, की उरलेल्याला जोडीदार शोधून द्यायचं काम मामाकडे यायचं. नवशिका शेतकरी बाजारातल्या सगळ्यात दांडग्या बैलाकडे बोट दाखवून म्हणायचा, हाच पाहिजे. मामा म्हणायचा, "ह्यो घेतला तर तुझ्या घरच्या बैलाची मान पंधरा दिवसांत सोलून निघंन. दोन चांगले बैल म्हंजे चांगली जोड न्हाई रे बाबा." गिऱ्हाईक ऐकत नसेल तर मामा रुमाल झटकून चालता व्हायचा. हातातला धंदा सोडून असा माज करणारा हेड्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. सगुणामामी या माजाला वेगळा शब्द वापरायची, तो छापता येत नाही.

भाव ठरायचा तो रुमालाखाली. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जायचा, एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, दुसऱ्यानं कमीजास्त दाबून उत्तर द्यायचं. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी, कुणाला काही कळत नाही, आणि त्या दोघांचं सगळं बिनबोभाट ठरून जातं. तोंडानं भाव बोलणारा माणूस मामाच्या लेखी अडाणी. पुढे त्याला डिप्लोमावाला भाचा भेटायचा होता, म्हणून तेव्हा त्याला अडाणीपणाची पूर्ण कल्पना नव्हती.

नव्वदच्या पुढे ट्रॅक्टर वाढले आणि बाजार आटत गेले. ट्रॅक्टरचे दात बघता येत नाहीत. मामा तरी सवयीनं दर बाजारी जायचा, चहा प्यायचा, दुसऱ्यांच्या जोड्यांना नावं ठेवायचा आणि घरी यायचा. शेवटी मामीनंच ट्रंक भरली. "बाजारात बसून बिड्या फुकून राह्यलात, त्यापेक्षा जालन्याला चला. तिथं निदान बिड्या तरी चांगल्या मिळतीन." असे दोघं मस्तगडात एका खोलीत येऊन राहिले आणि मामा केबल टीव्हीच्या वायरी ओढायला लागला. या गच्चीवरून त्या गच्चीवर. कुणाच्या घरी कुठली मालिका चालते आणि ती चालू असताना कोण रडतं, हे सगळं त्याला ठाऊक असायचं, आणि तो ते चहाच्या टपरीवर सांगायचाही.

दोन हजार पाच साली मी दुकान टाकलं. ब्रॉडबँड नुकतं येत होतं आणि जो तो कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडून मागत होता. मामा एक दिवस येऊन म्हणाला, "भाचेबुवा, तुमची वायर केबलपेक्षा बारीक हाये, पण वढायचं काम तेच ना?" मी त्याला ठेवून घेतला. नेटवर्कच्या वायरीत आठ रंगीत तारा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमानंच बसवाव्या लागतात. मला आजही तो क्रम पाकिटावर बघावा लागतो. मामानं तो एका दुपारीत पाठ केला. त्या आठ तारा म्हणजे चार पिळलेल्या जोड्या आहेत हे कळल्यावर तर त्याला ती वायर घरचीच वाटू लागली.

आता एमआयडीसीतली गोष्ट. दोन हजार सातचा मे महिना. अण्णासाहेबांची बियाण्यांची कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पेरणीआधीचे ते पाच-सहा आठवडे म्हणजे त्यांचं वर्ष. गोडाऊनपुढे ट्रकांची रांग, आणि कुठल्या ट्रकमध्ये कुठल्या वाणाच्या किती पिशव्या, कुठल्या डेपोला, याच्या लांबच लांब याद्या नेटवरून जायच्या. यादी गेल्याशिवाय ट्रक हलत नाही.

अण्णासाहेबांनी त्या वर्षी मोठ्या शहरातून महागडा राउटर आणला. राउटर म्हणजे टेलिफोनच्या मोडेमकडून नेट घेऊन ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वाटणारा डबा. मी तो बसवला आणि सेटिंग दाखवत होतो, तर साहेबांचं बोट पडद्यावर टेकलं.

"हे पोर्टच्या वेगापुढं 'ऑटो' काय लिवलंय?"

"साहेब, म्हणजे राउटर आणि मोडेम आपसात वेग ठरवून घेतात."

"आपल्या मनानं? बद्रीनाथ, माझ्या कंपनीत माझ्याशिवाय कुणी आपल्या मनानं ठरवत न्हाई. जास्तीत जास्त किती?"

"शंभर, फुल."

"मंग शंभर फुल करून टाक. पक्कं बांधून टाक."

बाहेरून येणारी लाइन दोन एमबीची. आत शंभर बांधा नाहीतर हजार, नळाला पाणी तेवढंच येणार. हे मला माहीत होतं. शिवाय एक बाजू बांधली तर दुसरीही तशीच बांधावी लागते, आणि त्या मोडेममध्ये तशी सोयच नव्हती, हेही माहीत असायला हवं होतं. पण साहेबांना नाही म्हणायचं म्हणजे जिभेला कष्ट. मी शंभर फुल केलं, "एकदम बराबर, साहेब" म्हणालो आणि निघालो.

आठवड्याभरात याद्या अडकायला लागल्या. नेट चालू दिसायचं, छोटी चिठ्ठी फटकन जायची, पण मोठी यादी सुरू झाली की अर्ध्यात बसकण मारायची. ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, डेपोवाले फोन करतायत. साहेबांनी मला बोलावलं. मी लाइन तपासली, ठीक. वायर तपासली, ठीक. स्वतःला तपासायची पद्धत नव्हती.

"मशीन नवीन," साहेब बोटं मोडत म्हणाले. "लाइन दोनची. इंजिनिअर डिप्लोमावाला. मंग राह्यलं कोण? ती पोरगी. गाणी उतरवत असंन न्हाईतर पोराबिरासंग चॅटिंग करत असंन, म्हणून जाम होऊन राह्यलं. काय?"

मी म्हणालो, "शक्यता आहे, साहेब."

ती पोरगी म्हणजे कौसल्या. जाफराबादकडच्या अप्पाराव मास्तरांची मोठी लेक, बी.कॉम. रोज सकाळी शेअर जीपमध्ये कोंबून घेऊन जालन्याला यायची आणि दिवसभर त्या याद्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसायची. त्यांच्या वस्तीतून कंपनीच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिली मुलगी, आणि मास्तरांनी ही गोष्ट ऐकायला तयार असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांना सांगितली होती. आता साहेबांनी तिला सांगितलं, शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर सोमवारपासून येऊ नको. नुसती नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण 'कंपनीत बसून पोरांशी चॅटिंग करायची' हा शिक्का घेऊन ती पोरगी गावात जीपमधून उतरली असती, तर मास्तरांना घराबाहेर पडणं अवघड झालं असतं, आणि एमआयडीसीत तिला दुसरीकडे कुणी दारातही उभं केलं नसतं.

माझ्याकडे साहेबांनी एक कागद मागितला. दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं, की यंत्रणेत दोष नाही, वापरणाऱ्याकडून गैरवापर होत असावा. मी तो इंग्रजीत टाइप केला, सही ठोकली आणि गल्ल्याजवळ ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा कागद चोरानंच टाइप केलेला.

शनिवारी सकाळी मामानं तो उचलला. "काय लिवलंय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण मामापासून लपवायला गेलं की तो जबडा उघडून बघितल्यासारखं बघतो.

"मास्तरांची कौसल्या?" मामा म्हणाला. "माझ्या पोराला बाराखडी त्या मास्तरांनी शिकवली. चल, मला दाखव."

"मामा, तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"तुला कळलं का?"

मी कागद घडी करून खिशात घातला, तोवर त्यानं माझी मोटारसायकल गाठलीही होती.

ऑफिसात साहेब अजून आले नव्हते. कौसल्या पडद्यापुढे ताठ बसली होती, डोळे सुजलेले. मामा आत गेला आणि म्हणाला, "जयभीम, बाई. मास्तर बरे हायत का?"

"जयभीम, मामा. बरे हायत. त्यांना अजून काही सांगितलं न्हाई."

"नको सांगू. आधी मला सांग, हे नेमकं कव्हा अडतं?"

मी मध्ये बोलायला गेलो तर मामानं हात वर केला. "तू गप. जनावर कसं चालतं ते हाकणाऱ्याला विचारावं, इकणाऱ्याला न्हाई."

कौसल्या म्हणाली, "थोडं थोडं काम असलं की बराबर चालतं. पण मोठी यादी मी पाठवून राह्यले, अन् त्याच टायमाला डेपोकडून काही यायला लागलं, की दोन्ही अडकतं. एकीकडून बंद केलं की दुसरं कसंबसं निघतं."

"हे साहेबाला सांगितल्तं?"

"सांगितल्तं. ते म्हणले, इंजिनिअरपेक्षा तुला जास्त कळतं का."

मामानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग जमिनीवर उकिडवा बसून तो मोडेम आणि राउटर यांच्याकडे टक लावून बघत राहिला. त्यातलं त्याला काहीही कळत नव्हतं, पण बघण्याची ढब अशी, की डबेच अवघडले असतील.

"जाणं-येणं एकदम झालं की अडतं," तो म्हणाला. "म्हंजे ह्या दोघांचंच पटंना. ह्यांचं आपसात ठरतं कसं?"

मी शिकवणीच्या सुरात सांगितलं. "दोघं आधी एकमेकांना खुणा करतात. माझा वेग इतका, तुझा किती. मी बोलता बोलता ऐकू शकतो, तुला येतं का. दोघांना झेपेल ते ठरतं आणि मग काम सुरू होतं."

"म्हंजे रुमालाखाली."

"हो, तसंच म्हणा."

"अन् ह्या नव्याचं काय ठरलंय?"

"याला ठरवावं लागत नाही. मी शंभर फुल असं बांधून दिलंय."

"मंग हा बोटं दाबून राह्यला का न्हाई?"

नव्हता दाबत.

राउटरचा वेग बांधून टाकला की तो खुणा करणं सोडतो. मोडेम आपला खुणा करतोय, समोरून उत्तर नाही. वेग शंभरचा आहे एवढं त्याला तारेवरून उमगतं, पण दोघांनी एकदम बोलायचं की आळीपाळीनं, हे उमगत नाही. मग तो कमीतलं कमी धरून चालतो, एका वेळी एकानंच बोलायचं. इकडे राउटर 'फुल'च्या जोरावर खुशाल समजतो की दोघंही एकदम बोलू शकतात. काम थोडं असलं की निभावतं. गर्दी झाली की मोडेम बोलत असताना राउटर मध्येच तोंड घालतो, मोडेमला वाटतं टक्कर झाली, तो हातातलं टाकतो आणि पुन्हा सुरुवात करतो. यावर मला परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न आला होता. मी तो बरोबर सोडवला होता.

"गड्याचा हात रुमालाबाहेर बांधून ठेवला," मामा उठत म्हणाला, "अन् वरून शंभर शंभर वरडायला लावलं. दुसऱ्यानं काय करावं? सोड त्याचा हात."

मी पुन्हा 'ऑटो' केलं. दोन्ही दिवे एकदा विझले आणि लागले. कौसल्यानं सकाळपासून अडलेली यादी पाठवली, आणि मामाच्या सांगण्यावरून त्याच वेळी डेपोचा हिशोबही मागवला. दोन्ही एकदम सुरू झाले आणि एकदम संपले. तिनं दुसरी यादी पाठवली, मग तिसरी. बाहेर पहिला ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. ती हसली नाही. तोंडावर ओढणी धरून रडली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळायच्या आत अण्णासाहेब आले. ट्रक हललेले त्यांनी बघितले होते.

"काय झाल्तं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'साहेब, सेटिंग चुकीचं होतं, मी केलं होतं.' एवढंच म्हणायचं. मी ते जिभेवर इकडून तिकडे फिरवलं. मग मला सीझनचं काम आठवलं, एमआयडीसीतली बाकीची गिऱ्हाइकं आठवली, फ्रेममधला डिप्लोमा आठवला, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. साहेबांची नजर माझ्यावरून कौसल्याकडे वळली.

"माझ्या हातून झाल्तं, साहेब," मामा म्हणाला. "वायरी बसवताना मीच त्यात बोट घातलं. पोरीचा बिलकुल दोष न्हाई. ह्या भाच्यानं आता शोधून काढलं."

पुढची पाच मिनिटं साहेबांनी मामाला जे ऐकवलं त्यात 'अंगठाबहाद्दर' हा सगळ्यात सभ्य शब्द होता. बैलं हाकणारी माणसं मशिनीला हात लावतात कशी, ट्रक किती दिवस उभे राहिले, गेटवर सांगून ठेवतो, हा म्हातारा परत आवारात दिसला नाही पाहिजे. हा तोच मामा, जो पाटलांच्या तोंडावर त्यांचं वय काढायचा. तो मान खाली घालून ऐकत होता. साहेब दमले तेव्हा कौसल्याला "कर काम" म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

परतताना मी मोटारसायकल थांबवली. "मामा, तुम्ही कशाला घेतलंत अंगावर?"

"तू बोलत नव्हतास. पोरगी उभी व्हती." त्यानं माझ्या खिशातून तो लेटरहेडचा कागद काढला, फाडून त्याच्या अर्ध्यावर तंबाखू मळली आणि उरलेला अर्धा मला दिला. "घे. ह्यात तुझी सही हाये."

एमआयडीसीत बातमी कामगारांच्या सायकलींआधी पोचते. आणखी तीन कंपन्यांनी मला कळवलं, येताना त्या म्हाताऱ्याला आणू नका. मामाकडे मस्तगडातली घरगुती कामं तेवढी राहिली. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मामी बोलायची, रोज, आणि ते मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

जुलैत मी त्या कंपनीत देखभालीला गेलो. कौसल्या एकटीच होती. मी खाली वाकून वायरी बघायचं सोंग करत होतो, तेव्हा ती म्हणाली, "सर, ते शंभर फुल तुम्ही केलं तव्हा मी ह्याच खुर्चीवर बसल्ते."

मी तसाच वाकून राहिलो. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलताल."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी उठलो आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. उभ्यानंच सांगितलं, की साहेब, ती चूक मामाची नव्हती, माझी होती. सेटिंग मी केलं, कारण मला 'नाही' म्हणता आलं नाही. आता गेलं गिऱ्हाईक, गेलं दुकान, असं मनाशी म्हणून मी उभा राहिलो.

अण्णासाहेब हसले. "असं व्हय! अरे, होतं असं. तुम्हा इंजिनिअर लोकांचं डोकं एका टायमाला धा ठिकाणी असतं. बस, बस."

"मग साहेब, मामाला गेटवर..."

"त्याचं काय आता, झालं ते झालं. सोड." त्यांनी बेल दाबली. "दोन चहा आण रे, स्पेशल."

त्याच चुकीपायी एकीची अब्रू जाता जाता राहिली आणि एकाला गेटबाहेर काढलं. माझ्यासाठी चहा आला, वेलची घातलेला, सोबत बिस्किटं. मी खुर्चीत बसलो आणि तो सगळा प्यालो.